जनावराच्या वेळेनं जा

सूनबाई, लेकरांना घेऊन हैदराबादच्या झू पार्कला जायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. एका दिवसात जाऊन येणं होईल का, असं विचारलंस. होतं. देवणीहून भालकी, बीदर, जहिराबाद, संगारेड्डी असं गेलं की हैदराबाद दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन आठ-नऊ तास रस्त्यात जातात आणि आत आठेक तास हाती लागतात. तेवढे पुरतात, पण सगळा दिवस जनावरांच्या वेळेनं आखला तरच.

तू गोठा सांभाळतेस, तुला हे फोडून सांगायला नको. आपली गाय पहाटे उठते, सकाळी चरते, ऊन चढलं की सावलीला बसून रवंथ करते आणि उन्हं कलली की परत चालायला लागते. वाघ, सिंह, अस्वल, हरिण, सगळ्यांचा दिवस थोड्याफार फरकानं असाच असतो. दुपारच्या वेळी कुणीच हालत नाही. आपल्याकडचे लोक मात्र आठ वाजता निघतात, वाटेत बीदरचा किल्ला बघतात, एक वाजता झूच्या दारात उभे राहतात आणि पाठ करून झोपलेला वाघ बघून परत येतात. शाळेत असताना मी पोरांच्या सहली तिकडे नेत होतो. सकाळी नेलेली पोरं वर्षभर त्या सिंहाबद्दल बोलायची आणि दुपारी नेलेली पोरं फक्त आइस्क्रीमबद्दल.

आधी दिवस ठरवा. सोमवारी झू बंद असतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. इतक्या लांबून जाऊन बंद दार बघितलेले लोक मला ठाऊक आहेत. बाकीच्या दिवशी साधारण साडेआठला दार उघडतं आणि पाचच्या सुमारास बंद होतं. उन्हाळ्यात वेळ थोडी बदलते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळ आणि तिकिटाचे दर मोबाईलवर बघून घ्या. रविवार टाळा, पहिली जानेवारी टाळा, संक्रांतीचे दिवसही टाळा. त्या दिवशी अख्खं शहर तिथं लोटलेलं असतं आणि माणसांच्या आवाजानं जनावर आतल्या बाजूला जाऊन बसतं. माझं म्हणणं विचारशील तर येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, झाल्यावर, पण संक्रांतीच्या आधी, मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस धरा. थंडी असते. ज्वारी रानात उभी असते आणि राखणीपलीकडे फारसं काम नसतं. थंडीत जनावर दिवसा जास्त वेळ फिरतं, हा त्यातला मोठा फायदा. लेकरांची एक दिवसाची शाळा बुडेल. बुडू दे. गुरुजींना आधी सांगून ठेव आणि आल्यावर पोरांकडून दोन पानं लिहून घे.

घरच्या दावणीची काळजी करू नकोस, दोन्ही वेळची धार मी बघतो. पण आदल्या दिवशी संध्याकाळीच कडब्याची कुट्टी करून ठेवा आणि हौद भरून ठेवा. तांबड्या गाईला तुझ्याच हाताची सवय आहे. आधीचे चार-पाच दिवस मला तिच्याजवळ बसू दे, म्हणजे त्या दिवशी ती दूध चोरणार नाही.

आता रस्ता. घरची गाडी नेणार असाल तर पहाटे चारच्या आत देवणी सोडायची. क्रुझर भाड्यानं करणार असाल तर आपण कर्नाटकातून तेलंगणात जाणार हे मालकाला आधीच सांगा आणि दोन्ही राज्यांचं परमिट आहे का, ते कागद डोळ्यांनी बघा. नाहीतर सीमेवर तास-दीड तास जातो, आणि तोच नेमका आपला सकाळचा वेळ असतो. गाडी चालवणारा आदल्या रात्री नऊला झोपला पाहिजे. आपला पोरगा चालवणार असेल तर त्याला त्या रात्री कुणाच्या लग्नाला-बारशाला पाठवू नकोस.

भालकीकडे जाताना मांजरा नदीच्या आसपास पहाटे धुकं असतं. त्यात हे दिवस गळिताचे. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर चाललेले असतात आणि कितीकांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीसुद्धा नसते. या टप्प्यात गाडी चाळीसच्या वर नेऊ देऊ नकोस. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. बीदर ओलांडून जहिराबादला हमरस्ता लागला की पुढं रस्ता रुंद आहे, तिथं वेळ भरून निघतो. पाटणचेरूच्या अलीकडून बाहेरचा वर्तुळाकार रस्ता धरा, राजेंद्रनगरच्या बाजूला उतरा आणि आरामघरवरून बहादूरपुऱ्याकडे या. झू पार्क तिथंच, मीर आलम तलावाच्या काठाला आहे. शहराच्या मधून गेलात तर सकाळच्या गर्दीत अडकाल.

रेल्वेनं जायचं तर उदगीरहून हैदराबादकडे गाड्या आहेत. त्या भालकी, बीदर, जहिराबाद, विकाराबाद अशाच जातात. म्हाताऱ्या माणसांना आणि गाडी लागणाऱ्या लेकरांना रेल्वे सोयीची. पण सकाळी साडेआठला दारात पोचवणारी आणि रात्री परत आणणारी जोडी जुळली तरच. नाही जुळली तर एक मुक्काम वाढवा. दुपारी पोचवणाऱ्या गाडीनं जाऊ नका.

खाण्याचं तुला काय सांगायचं. धपाटे करून घे, ते दोन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दुधात मळलेल्या दशम्या. दही नको, पहाटेच्या थंडीत लेकरांना बाधतं आणि दुपारपर्यंत आंबतं. पोटभर खाणं साडेसातच्या सुमारास, संगारेड्डीच्या पुढे गाडी थांबवून करा. म्हणजे आत गेल्यावर पहिले तीन तास कुणी भूक-भूक करणार नाही. सगळं स्टीलच्या डब्यात आणि कापडात बांध, प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नकोस. झूमध्ये वाऱ्यानं उडालेली पिशवी हरणाच्या पोटात जाते. आपल्याकडं रस्त्यावर चरणाऱ्या गाईंच्या पोटातून डॉक्टर काय काय काढतात, ते तू पाहिलेलंच आहेस.

आत गेल्यावर काय करायचं, ते नीट ऐक. जागा ३८० एकरांची आहे. शेतकऱ्याच्या घरात ३८० एकर म्हणजे किती, हे समजावून सांगावं लागत नाही. शंभराहून जास्त जातींचे प्राणी-पक्षी तिथं आहेत. सगळं बघायचं म्हटलं तर काहीच बघून होत नाही. म्हणून घरूनच लेकरांना विचार की प्रत्येकाला कुठली दोन जनावरं बघायचीच आहेत. ती यादी कागदावर लिही. तेवढी झाली की दिवस वसूल झाला, बाकीचं वरकड. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. सासूबाईंना त्यात बसव आणि तुम्ही चाला.

तिकीट काढलं की आधी सफारीकडं जा. लेकरं छोटी आगगाडी बघून तिकडं ओढतील, पण ती दुपारी. सिंहांची सफारी इथं १९७४ साली सुरू झाली. देशात अशा पद्धतीनं मोकळ्यात सिंह दाखवायची ही सुरुवातीची जागा. बंद गाडीतून नेतात आणि जनावर मोकळं असतं. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना रांगही कमी असते आणि सिंह उठलेले असतात. नशीब असेल तर डरकाळी ऐकायला मिळते. ती कानाआधी छातीत जाणवते.

सिंह दिसला की लेकरांना एक सांग. हा गीरचा सिंह, आफ्रिकेचा नाही. कसं ओळखायचं? पोटाखाली बघायचं. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत कातडीची एक सैल घडी लोंबत असते. आफ्रिकेच्या सिंहाला ती सहसा नसते. याची आयाळही तोकडी, डोक्यावर विरळ, त्यामुळे कान उघडे दिसतात. साऱ्या जगात हा सिंह रानात फक्त गुजरातेत गीरच्या आसपास उरलाय. २०२५ च्या मोजणीत ८९१ भरले. आणि आपल्या दावणीशी त्याचं नातं आहे, हेही सांग. आपली देवणी गाय म्हणजे इथल्या गावरान जनावरात गीर आणि डांगी गाईंचं रक्त मिसळून तयार झालेली जात. तिचं ते पुढं आलेलं कपाळ आणि लांब लोंबते कान गीरकडून आलेत. ज्या रानाच्या कडेला गीर गाय चरत होती, त्याच रानात हा सिंह होता. आपल्या दारातल्या वासराच्या आजीला ज्यानं भ्यायला लावलं असेल तो हा, असं म्हटलं की पोरं डोळे मोठे करून बघतील.

सफारीत गवाही आहे. लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढं बघतात, कारण सगळ्यांना वाघ पाहिजे असतो. देवणीच्या माणसानं असं करू नये. बैल पारखणाऱ्या घरातली लेकरं आहेत, त्यांना गवा नीट बघू दे. अंग काळंभोर आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे. पाठीवर मोठा उंचवटा दिसतो, पण ते आपल्या बैलाचं वशिंड नव्हे. आपल्या बैलाचं वशिंड मांसाचं, हात लावला तर हलतं. गव्याचा उंचवटा हाडांचा आहे. पाठीच्या मणक्यांना वर लांब काटे असतात, त्यांच्यावर तो उभा असतो, म्हणून मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत धारेसारखा येतो आणि तिथं एकदम संपतो. ती पायरी बघायला सांग. मोठा नर असेल तर त्याचं वजन आपल्या चांगल्या वळूच्या दीडपट असतं आणि तो चालतो अगदी पावलाचा आवाज न करता.

सफारी झाली की पाळी वाघांची. एका वाघापुढं दहा मिनिटं उभं राहायचं, असा नियम करून टाक. पहिली दोन मिनिटं लेकरं चुळबुळ करतात. मग त्यांना दिसायला लागतं की तो कान मागं फिरवून ऐकतोय, शेपटाचं टोक तेवढं हलतंय, चालताना मागचा पाय जवळजवळ पुढच्या पायाच्या ठशात पडतोय. आपली पोरं देवणीतले वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे प्रकार लांबूनच ओळखतात. चेहरा काळा की पोटाखाली ठिपके की अंगभर, एवढं बघून सांगतात. तीच नजर इथं वापरायला सांग. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. शेजारच्या दोघांच्या गालावरचे पट्टे ताडून बघू द्या, खेळ होतो आणि ध्यानातही राहतं.

पांढरा वाघ दिसेल. लोक त्याला वेगळी जात समजतात. ती जात नाही, रंगाचा प्रकार आहे, आणि तो तेव्हाच उमटतो जेव्हा आई-बाप दोघांकडून तो लपलेला गुण येतो. १९५१ साली रेव्याच्या रानात मोहन नावाचा एक पांढरा बच्चा धरला. देशोदेशीच्या प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ आहेत, त्यांचं मूळ बहुतेक त्याच्याकडं जातं. रंग टिकवायला एकाच रक्तात पुन्हा पुन्हा जोड लावली, म्हणून कुणाचे डोळे तिरळे, कुणाची पाठ वाकडी. एकाच वळूचं रक्त त्याच्याच लेकींवर लावलं तर काय होतं, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. लेकरांना वाघ सुंदर दिसेल, दिसू दे. पण खरं काय ते सांग.

साडेअकराला ऊन चढतं. आता उघड्यावरची जनावरं सोडा आणि सावलीतली, खोल्यांमधली बघा. डबा खा, लेकरांचे पाय धुवा, आगगाडीत बसवा. मग निशाचर प्राण्यांच्या घरात जा. ही जागा बघितल्याशिवाय येऊ नका, मला स्वतःला ती वाघाहून जास्त आवडते. तिथं दिवस-रात्र उलटी केलेली असते. रात्री दिवे लावतात, म्हणजे आतले प्राणी तेव्हा झोपतात, आणि दिवसा अंधार करतात, म्हणजे आपण जातो तेव्हा ते जागे असतात. मघाशी म्हटलं ना, जनावराच्या वेळेनं जावं लागतं. इथं झूवाल्यांनी जनावराची वेळच आपल्यासाठी फिरवून ठेवलीय. उन्हातून आत गेलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. लेकरं घाबरून बाहेर पळतील. हात धरून दाराशीच पाच मिनिटं उभी कर. मोबाईल खिशात, पडद्याचा उजेडसुद्धा नको. हळूहळू डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि मग फांदीवर लाजवंती दिसते, वटवाघळं दिसतात, घुबड मान फिरवताना दिसतं, उदमांजर फेऱ्या मारताना दिसतं. लाजवंतीचं चालणं बघ. एक हात सोडायचा, पुढची फांदी धरायची, ती पक्की धरल्यावर मागचा पाय सोडायचा. तिला घाई म्हणून माहीतच नाही. मोबाईलचा दिवा लावून फोटो काढणाऱ्यांना मात्र तिथं सरळ हटकावं. तो उजेड त्या डोळ्यांना सहन होत नाही.

मग मगरींकडे. दुपारी उन्हात तोंड वासून पडलेल्या दिसतील. आ वासलाय म्हणजे खायला आली असं लेकरं म्हणतील. तसं नव्हे. तिला घाम येत नाही, तोंड उघडं ठेवून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर असेल तर तिच्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो, तो बघा. आणि इथं लेकरांना मांजरेचं सांग. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं उगम पावून आपल्या भागातून जी मांजरा वाहते, तीच पुढं बीदर ओलांडून संगारेड्डीजवळ येते. तिथं त्या नदीत मगरी आहेत, रानातल्या, खुल्या. १९७८ सालापासून तिथं मांजरा अभयारण्य आहे आणि हैदराबादला प्यायचं पाणीही त्या नदीचं जातं. पहाटे ज्या पुलावरून धुक्यात गाडी गेली, त्याच पाण्याच्या काठी त्या मगरी राहतात. घरात बसून हे सांगितलं असतं तर पोरांनी ऐकलं नसतं. मगरीसमोर उभं करून सांगितलं की पक्कं बसतं.

हरणांच्या कुंपणाशी एक गोष्ट दाखव. चितळ, सांबर यांच्या शिंगांना फाटे असतात आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट, नीलगाय यांच्या शिंगांना फाटे नसतात आणि ती जन्मभर तीच राहतात. काळवीट तर आपल्याच माळावरचा, हरभऱ्यात शिरला म्हणून आपण ज्याला हाकलतो तोच. येता-जाता बीदरच्या आसपास उघड्या माळाकडं बघत राहा. कळप दिसला तर झूमधल्यापेक्षा तो जास्त मोलाचा, आणि त्याला तिकीट नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, कासवांपाशी गेलात तर लेकरांच्या कानावर घाल. निजामाच्या काळात हैदराबाद आपली राजधानी. माझे वडील कोर्टाच्या कामाला तिकडं जायचे. तेव्हा जनावरं शहरातल्या बाग-ए-आममध्ये होती. हा आताचा झू ६ ऑक्टोबर १९६३ ला लोकांसाठी उघडला आणि तिकडची जनावरं इकडं आली. त्यात गॅलापागोस बेटांवरचं एक मोठं कासव होतं. पुढं त्याला चाणक्य म्हणत. ते २०२४ साली वारलं, वय सव्वाशेच्या घरात. म्हणजे पोरांच्या पणजोबांनी बाग-ए-आममध्ये जे जनावर बघितलं असेल, ते पोरांच्या जन्मानंतरही जिवंत होतं.

साडेतीनला दमून घरी निघायचं नाही. दमलात तर झाडाखाली अर्धा तास पडा. चारच्या सुमारास पुन्हा वाघ-सिंहांकडे एक फेरी मारा. त्यांचं खाणं संध्याकाळच्या सुमारास, आतल्या खोलीत असतं. वेळ जवळ आली की ते आतल्या दाराशी येरझारा घालायला लागतात, अगदी आपली वासरं धारेच्या वेळेला दाव्याला हिसके देतात तशी. सकाळी बघितलेलं जनावर संध्याकाळी वेगळंच दिसतं. पाणघोडाही याच वेळी पाण्यातून डोकं काढतो. त्यानं मोठी जांभई दिली की लोक हसतात. पण ती जांभई नसते, दात दाखवून तो दमात घेत असतो.

आत वागायचं कसं, ते लेकरांना घरीच सांगून ठेव, तिथं ओरडत बसू नकोस. खायला काही टाकायचं नाही, शेंगदाण्याचा एक दाणा नाही. दगड मारणं, शिट्ट्या, आरडाओरडा, कचरा, सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि माकडाला केळं टाकणंही. आपल्या हातून गेलेली एक भाकरी प्रेमाची असली तरी त्या पोटाला तिची सवय नसते. काचेवर टकटक करणारं मोठं माणूस दिसलं तर लेकरांसमोर त्याला नम्रपणे थांबवा. ते बघूनच पोरं शिकतात. कुणाला खोकला-ताप असेल तर बेत पुढं ढकला. हे जनावरांसाठी सांगतोय. २०२१ च्या मे महिन्यात याच झूमधल्या आठ सिंहांना कोरोना झाला होता. ते बरे झाले, पण माणसाचं दुखणं जनावराला लागतं, हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

प्रत्येक लेकराच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव, एक तुझा, एक घरचा. चुकलं तर जिथं आहे तिथंच उभं राहायचं आणि गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची, एवढं पाठ करून घे. तिथं दख्खनी हिंदी चालते, आपल्या पोरांना ती कळते.

चारमिनार तिथून तीन-चार किलोमीटरवर आहे. तुझ्या मनात लाड बाजारातल्या बांगड्या आहेत, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी नको. दोन्ही करायला गेलात की झू दुपारचा होतो आणि बाजार धावपळीचा. बांगड्यांसाठी वेगळा दिवस काढा, रेल्वेनं जा, मी लेकरं सांभाळतो.

पाचला बाहेर पडलात की शहर ओलांडून संगारेड्डीपर्यंत यायला सात वाजतात. जेवण जहिराबादला करा. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड वाटली तर बीदरला बसस्टँडजवळ गाडी उभी करून त्याला अर्धा तास झोपू द्या. मी अकरा-बारापर्यंत जागा असतो, फोन करून सांगा, म्हणजे मला काळजी नाही. भालकीनंतर पुन्हा उसाच्या ट्रॉल्या, पुन्हा तोच चाळीसचा वेग.

पायताणांचं सांगायचं राहिलंच. जे चपला-बूट घालून गोठ्यात वावरता, ते घालून झूला जाऊ नका. लाळ्या-खुरकूत तळव्याला लागून जाते आणि दोन खुरांच्या सगळ्या जनावरांना होते, गव्याला, चितळाला, काळविटालाही. आसपासच्या गावात तेव्हा ती साथ असली तर बेतच पुढं ढकला. आणि येताना उलटं तेच. रात्री कितीही उशीर झाला आणि तांबडीला बघायला तुझा जीव कितीही ओढला, तरी झूमध्ये फिरलेले बूट अंगणाबाहेर काढ. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं तळवे घासून ते उन्हात ठेव, पाय धू, आणि मगच गोठ्यात जा.